पुस्तक जेथे गप्प होते, तेथून पुढचे पुस्तक सुचवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अधूनमधून, आणि वर्षअखेरीस तर न चुकता, वाचनीय पुस्तकांच्या याद्या प्रसिद्ध होतात. चरित्रे, आत्मकथने, इतिहास आणि अभिजात साहित्य अशा विभागांत दहा-दहा नावे, त्यांपुढे लेखकाचे नाव आणि एखादे कौतुकाचे विशेषण, असे त्यांचे स्वरूप असते. या याद्यांची कात्रणे मी गेली कित्येक वर्षे जपून ठेवत आलो आहे, आमच्या छोट्याशा वाचनमंडळात त्यांच्या आधारे पुस्तके निवडली आहेत आणि त्यांतून मला मिळालेला आनंद मोठा आहे. त्या ऋणाची जाणीव ठेवूनच एक मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. या विभागांतली पुस्तके एकेकटी सुचवू नयेत, जोडीने सुचवावीत, आणि ती जोडी जुळवताना पहिले पुस्तक नेमके कोठे गप्प होते हे वाचकाला सांगून दुसरे पुस्तक त्या जागेसाठी सुचवावे, अशी माझी विनंती आहे.

गप्प होणे हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. स्वतःचे किंवा दुसऱ्याचे आयुष्य सांगणाऱ्या प्रत्येक पुस्तकात अशी एक तरी जागा असतेच. कधी लेखकाचा मृत्यू आड येतो, कधी भीड, कधी दुसऱ्या कोणाच्या जिवाची काळजी, तर कधी केवळ हस्तलिखिताची पाने गहाळ झालेली असतात. पुस्तक एकटेच वाचणाऱ्याला ही जागा दिसत नाही, कारण जे सांगितलेच नाही ते वाचताना खटकत नाही. दुसरे पुस्तक शेजारी ठेवले की मात्र ती एकदम उघडी पडते.

सर्वांत परिचित उदाहरण महात्मा गांधींच्या 'सत्याचे प्रयोग' या आत्मकथेचे आहे. आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक यादीत हे पुस्तक असते आणि ते वाचले म्हणजे गांधीजींचे चरित्र वाचून झाले अशी अनेकांची प्रामाणिक समजूत असते. मूळ गुजरातीतली ही प्रकरणे १९२५ ते १९२९ या काळात 'नवजीवन'मधून क्रमशः प्रसिद्ध झाली आणि त्यांतली हकीकत १९२० च्या नागपूर काँग्रेसच्या सुमारास थांबते. दांडीयात्रा १९३० ची, 'चले जाव' १९४२ चे, नौखालीची पदयात्रा त्याही नंतरची. यांतले काहीच या आत्मकथेत नाही आणि असणे शक्यही नव्हते. मग यादी करणाराने 'सत्याचे प्रयोग' सुचवताना त्यालाच लागून गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांची डायरी सुचवावी, किंवा दी. गो. तेंडुलकरांनी १९५१ ते १९५४ या काळात आठ खंडांत पूर्ण केलेले चरित्र सुचवावे, आणि 'आत्मकथा येथे थांबते, पुढचे येथे मिळेल' एवढे एक वाक्य लिहावे. त्या एका वाक्याने वाचकाची दिशाच बदलते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्राबाबतही हीच काळजी घ्यायला हवी. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्राची पहिली इंग्रजी आवृत्ती १९५४ साली, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीत निघाली. साहजिकच १४ ऑक्टोबर १९५६ चे धर्मांतर तीत नाही, ते नंतरच्या आवृत्त्यांत आले. जुन्या कपाटातून कोणाच्या हाती कोणती आवृत्ती पडेल हे सांगता येत नाही, म्हणून शिफारस करताना आवृत्तीचा उल्लेख हवाच. ज्यांना तपशिलाची भूक आहे त्यांना चांगदेव खैरमोडे यांच्या बहुखंडी चरित्राकडे वळवावे. कीरांचा एक खंड वाचून झालेला वाचक तेथे बुजत नाही, हा आमच्या मंडळाचा अनुभव आहे.

आता ज्या जोडीने मला हे सारे शिकवले तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. ती जोडी बाप-लेकीची आहे. बाबराने आपल्या आठवणी चगताई तुर्कीत लिहिल्या. बाराव्या वर्षी मध्य आशियातल्या फरगणाचे राज्य अंगावर आल्यापासून त्या सुरू होतात. आपल्या हातून झालेल्या चुका, पराभव, पळापळ, दारूचे व्यसन आणि ते सोडताना झालेली तगमग हे सारे तो ज्या मोकळेपणाने सांगतो, तो मोकळेपणा राजांच्या लेखणीत क्वचितच आढळतो. त्याच्या पुस्तकातला १५२९ चा एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. तो आपल्या तंबूत लिहीत बसला असताना रात्री अचानक वादळ आले, तंबू त्याच्या अंगावर कोसळला, लिहिलेले कागद आणि पुस्तक पाण्यात भिजले. मग ती पाने मोठ्या कष्टाने गोळा करून लोकरीच्या जाजमात गुंडाळली, वर पांघरुणे रचली, आणि वादळ शमल्यावर शेकोटी पेटवून पहाट होईपर्यंत जागून त्याने ती वाळवली. ज्याने पानिपत जिंकले आणि दिल्ली-आग्रा हाती घेतले, तो माणूस ओली पाने शेकत रात्र काढतो. या एका प्रसंगासाठीसुद्धा ते पुस्तक वाचावे, असे मी म्हणेन.

परंतु याच पुस्तकात १५०८ पासून १५१९ पर्यंतची जवळजवळ अकरा वर्षे नाहीत, आणि १५२९ च्या सप्टेंबरात नोंदी संपतात त्या संपतातच. बाबराचा मृत्यू १५३० च्या डिसेंबरातला. हुमायून अत्यवस्थ झाला तेव्हा बाबराने त्याच्या अंथरुणाभोवती फेऱ्या घालून 'याच्याऐवजी माझा प्राण घे' अशी प्रार्थना केली, ही कथा आपण सारे शाळेपासून ऐकत आलो आहोत. ती बाबराच्या पुस्तकात शोधणारा वाचक निराश होईल. ती आपल्याला मिळते त्याच्या मुलीकडून, गुलबदन बेगमकडून. वडील वारले तेव्हा ती आठेक वर्षांची होती. पुढे कित्येक दशकांनी, म्हातारपणी, अकबराच्या सांगण्यावरून तिने आपल्या आठवणी फारसीत लिहिल्या. तिचे पुस्तक आकाराने लहान आहे, पण बापाच्या पुस्तकाला ज्या खोल्यांची दारे बंद होती त्या ती उघडते. पत्नी माहम बेगम काबूलहून आग्र्याला येत असल्याची बातमी कळताच बाबर घोड्यावर जीन चढेपर्यंतही थांबला नाही, तसाच पायी निघाला, हे गुलबदन सांगते. बापाच्या नोंदवहीत त्या भेटीचा उल्लेख अगदी त्रोटक आहे. लढाया आणि मजला मोजणाऱ्या माणसाला जी गोष्ट एका ओळीची वाटली, ती घरातल्या लहान मुलीने आयुष्यभर जपली. आणि तिचे पुस्तकही अपुरेच आहे. जी प्रत आपल्यापर्यंत पोचली, ती हुमायूनचा भाऊ कामरान याला आंधळे केल्याच्या प्रसंगापाशी तुटते. पुढचे जाणून घ्यायचे तर अबुल फजलकडे जावे लागते, आणि तो अकबराचा दरबारी इतिहासकार असल्यामुळे त्याची भाषा अगदीच निराळी लागते. तिघांच्या लेखणीतला हा फरक अनुभवणे हेच इतिहास-वाचनाचे पहिले शिक्षण आहे, असे मला वाटते.

अशा जोड्या फार जुन्या काळापासून सापडतात. थ्युसिडिडीज या ग्रीक इतिहासकाराने लिहिलेला अथेन्स-स्पार्टा युद्धाचा इतिहास इसवी सनापूर्वी ४११ च्या घटनांपाशी मध्येच तुटतो, युद्ध मात्र ४०४ पर्यंत चालले. झेनोफन या दुसऱ्या ग्रीक लेखकाने आपला ग्रंथ तेथूनच पुढे, जणू पान उलटावे तसा, 'यानंतर थोड्याच दिवसांनी' अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू केला. ज्याच्या यादीत केवळ थ्युसिडिडीज आहे, त्या वाचकाला अथेन्सची शरणागती वाचायलाच मिळत नाही.

काही वेळा मौन मुद्दाम पाळलेले असते, आणि ते का पाळले हे समजणे मौनापलीकडची हकीकत समजण्याइतकेच मोलाचे असते. अमेरिकेतील गुलामगिरीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी आपले आयुष्य तीनदा लिहिले, १८४५, १८५५ आणि १८८१ साली. याद्यांमध्ये बहुधा पहिलेच पुस्तक असते. ते आटोपशीर आहे, धारदार आहे आणि कोणीही ते वाचावेच. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर वाचकाला सर्वांत आधी हवे असते, ते म्हणजे हा माणूस निसटला कसा, ते त्यात नाही. आपण मार्ग सांगितला तर मदत करणारे अडचणीत येतील आणि मागून येणाऱ्यांची वाट बंद होईल, म्हणून सांगत नाही, असे त्यांनी तेथेच स्पष्ट लिहून ठेवले आहे. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, आणि तिसऱ्या पुस्तकात त्यांनी ती सप्टेंबर १८३८ ची हकीकत उघड केली. खलाशाचा वेष, एका स्वतंत्र कृष्णवर्णीय खलाशाकडून उसनी घेतलेली कागदपत्रे आणि बाल्टिमोरहून सुटलेली आगगाडी. कागदावरचे वर्णन त्यांच्या चेहऱ्याशी जुळत नव्हते. तिकीट तपासनीसाने कागदाच्या माथ्यावरचे गरुडाचे चित्र पाहिले, पैसे घेतले आणि तो पुढे गेला. हे दृश्य आपल्यापुढे यायला पहिल्या पुस्तकानंतर छत्तीस वर्षे जावी लागली. पहिले आणि तिसरे पुस्तक एकत्र सुचवले, तर गुलामगिरीत माणसाला आपल्या सुटकेची गोष्टसुद्धा मोकळेपणाने सांगता येत नव्हती हे वाचकाला स्वतःहून उमगते.

मराठीत विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'चे उदाहरण याहून वेगळे आहे. कर्ज फेडण्यासाठी द्रव्य मिळवावे म्हणून उत्तरेकडे निघालेला एक भिक्षुक ब्राह्मण १८५७ च्या धुमाळीत सापडतो आणि झाशीचा पाडाव डोळ्यांनी पाहतो. असे पुस्तक लाभणे हे आपल्या भाषेचे भाग्य आहे. पण चिं. वि. वैद्य यांनी १९०७ साली, लेखकाच्या पश्चात, जे प्रसिद्ध केले त्यात त्यांनी भाषेवर संस्कार केले होते आणि काही मजकूर वगळला होता. मूळ लेखन दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केले. म्हणजे जवळजवळ साठ वर्षे मराठी वाचक गोडसे भटजींचे जे शब्द म्हणून वाचत होते, ते सर्वस्वी त्यांचे नव्हते. येथे गप्प केलेला लेखक आहे, आणि जोडीचे पुस्तक म्हणजे त्याच पुस्तकाची दुसरी संहिता. त्यानंतर १८५७ च्या शताब्दी वर्षी, १९५७ मध्ये, निघालेले सुरेंद्रनाथ सेन आणि रमेशचंद्र मजुमदार यांचे दोन इतिहासग्रंथ वाचावेत. एकाच वर्षी, एकाच विषयावर, दोन जाणत्या इतिहासकारांनी काढलेले निष्कर्ष पुष्कळ ठिकाणी जुळत नाहीत, आणि ज्या वाचकाने आधी गोडसे भटजींबरोबर झाशीत ते दिवस काढले आहेत त्याला तो मतभेद कोरडा वाटत नाही.

रमाबाई रानडे यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० च्या पुस्तकाविषयी एवढेच सांगतो की ते न. र. फाटकांनी लिहिलेल्या न्यायमूर्ती रानड्यांच्या चरित्राच्या शेजारी ठेवावे. विधवाविवाहाच्या चळवळीतल्या एकतीस वर्षांच्या विधुराने वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले, हे सार्वजनिक आयुष्यातले वैगुण्य चरित्रकाराला तोलावे लागते. त्याच लग्नाच्या आत ती मुलगी घरातल्या बायकांचा जाच सोसून नवऱ्याजवळ अक्षरे कशी शिकली, हे फक्त तीच सांगू शकते. कोणते एक वाचावे असा प्रश्न मला विचारला तर मी उत्तर देणार नाही.

अभिजात कादंबऱ्यांकडे वळतो, कारण जोडीची गरज तेथे सर्वांत जास्त आहे आणि तिकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने एका यादीवरून टॉलस्टॉयची नेपोलियनच्या रशिया-स्वारीच्या काळावरची 'युद्ध आणि शांती' निवडली. यादीत नाव होते, अनुवादकाचे नाव नव्हते, आवृत्तीही नव्हती. दोन महिन्यांनी चर्चेला बसलो तेव्हा सात जणांच्या हातांत पाच वेगवेगळी पुस्तके होती, त्यांतले सर्वांत जाड हजारावर पानांचे आणि सर्वांत बारीक तीनशेच्या आतले. बारीक प्रत आणलेल्या आमच्या एका ज्येष्ठ सदस्या बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. शेवटी त्यांनी विचारले, 'बोरोदिनोच्या लढाईवर तुम्ही एवढे बोलताहात, माझ्याकडे ती दीड पानात आटोपली आहे, माझे काही चुकले का?' त्यांचे काहीच चुकले नव्हते. त्यांच्या प्रतीवर, आत किंवा बाहेर, 'संक्षिप्त' हा शब्द कोठेही छापलेला नव्हता. संक्षेप करणे हा गुन्हा नाही, तो न सांगणे ही मात्र वाचकाची फसवणूक आहे. त्या प्रकाशनाचे नाव मी येथे घेत नाही, कारण ही खोड एकाच ठिकाणची नाही. पण शिफारस करणाऱ्याने अनुवादकाचे नाव आणि अनुवाद संपूर्ण आहे की संक्षिप्त हे लिहिले असते, तर त्या बाईंना दोन महिन्यांच्या वाचनानंतर आपल्याच आकलनावर शंका घेण्याची वेळ आली नसती.

याच कादंबरीची जोडी मी नेहमी कोलँकूर यांच्या आठवणींशी लावतो. टॉलस्टॉयचा जन्म १८२८ चा, म्हणजे नेपोलियनच्या रशिया-स्वारीनंतर सोळा वर्षांनी झालेला. त्याने जे उभे केले ते कागदपत्रांतून, वडीलधाऱ्यांच्या सांगण्यातून आणि १८६७ साली बोरोदिनोच्या माळावर स्वतः फिरून. त्याचा नेपोलियन हा घटनांवर आपली हुकमत आहे असे समजणारा, पण प्रत्यक्षात त्यांच्या ओघात वाहणारा माणूस आहे. कोलँकूर हा नेपोलियनचा रशियातील माजी राजदूत. या स्वारीपासून परावृत्त करण्याचा त्याने प्रयत्न केला होता, तरीही तो धन्याबरोबर गेला, बोरोदिनोवर त्याचा सख्खा भाऊ मारला गेला, आणि सैन्य मागे टाकून नेपोलियन पॅरिसकडे निघाला तेव्हा डिसेंबर १८१२ मध्ये तेरा-चौदा दिवस बंद गाडीत नि बर्फावरच्या घसरगाडीत तो त्याच्या शेजारी बसून होता. त्या प्रवासातले नेपोलियनचे बोलणे त्याने टिपून ठेवले. या आठवणी प्रथम १९३३ साली छापल्या गेल्या आणि टॉलस्टॉय १९१० मध्ये वारला होता, म्हणजे त्या त्याला वाचायला मिळाल्याच नाहीत. महान कादंबरीकाराला जे ठाऊक नव्हते ते आज साध्या वाचकाला सहज वाचता येते, आणि ते वाचूनही कादंबरी तसूभर उणी वाटत नाही. अभिजात म्हणजे काय, याचा याहून चांगला पडताळा मला माहीत नाही.

आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांबाबत हे आणखी आग्रहाने सांगावेसे वाटते. मराठी माणसाचा इतिहास पुष्कळदा कादंबरीतून मनात शिरतो आणि तेथेच थांबतो. विश्वास पाटील यांची १९८८ ची 'पानिपत' वाचून ज्याचा गळा दाटून आला, त्याने लगेच त्र्यं. शं. शेजवलकरांचा 'पानिपत : १७६१' हा ग्रंथ हाती घ्यावा. त्यानंतर भाऊसाहेबांची बखर वाचावी, आणि अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताची हकीकत वाचावी, जी त्याने १४ जानेवारी १७६१ ची लढाई अब्दालीच्या बाजूच्या गोटातून पाहून सुमारे वीस वर्षांनी फारसीत लिहिली. कादंबरीकाराला मौन परवडत नाही. तंबूत भाऊ रात्री काय बोलला हे त्याला लिहावेच लागते, नाहीतर कादंबरी उभी राहत नाही. इतिहासकार मात्र 'यापुढे साधने बोलत नाहीत' असे म्हणून थांबू शकतो, आणि त्याचे ते थांबणे वाचकाला कंटाळवाणे वाटू नये एवढी तयारी कादंबरीने आधीच करून दिलेली असते. म्हणून कादंबरी आधी आणि इतिहास नंतर, या क्रमाला माझा मुळीच विरोध नाही. विरोध आहे तो यादीत केवळ कादंबरी देऊन तिला इतिहासाच्या रकान्यात बसवण्याला.

जागा मर्यादित असते, चाळीस पुस्तकांवर इतके लिहिता येणार नाही, ही आपली अडचण मी समजू शकतो. मग चाळीस नावे नकोत. सहा जोड्या पुरे आहेत. दुसरे पुस्तक संपूर्ण वाचलेच पाहिजे असाही आग्रह नसावा. कोणत्या प्रकरणापासून वाचायला घ्यावे, शेवटी नामसूची आहे का, एवढे सांगितले तर नोकरी-संसार सांभाळून वाचणाऱ्याला त्यातली हवी ती चाळीस पाने आठवड्याभरात वाचता येतात. यूरोपात चरित्रलेखनाचा पाया घालणाऱ्यांतला एक, प्लूटार्क, यानेही ग्रीक आणि रोमन माणसांची चरित्रे जोडीनेच लिहिली होती, आणि अलेक्झांडरच्या चरित्राच्या प्रारंभी त्याने बजावले होते की मी इतिहास लिहीत नाही, आयुष्ये लिहितो आहे, आणि मोठ्या लढाईपेक्षा एखादा लहानसा उद्गार कधीकधी माणूस अधिक दाखवतो. अलेक्झांडरच्या शेजारी त्याने सीझरला बसवले आहे.

तेव्हा पुढील वर्षअखेरीच्या यादीत प्रत्येक पुस्तकापुढे अनुवादकाचे नाव, आवृत्ती, संपूर्ण की संक्षिप्त याचा उल्लेख, पुस्तक कोठे थांबते याची एक ओळ आणि त्या जागेसाठीचे दुसरे पुस्तक, एवढे तरी द्यावे, ही विनंती. आपली तयारी असेल तर आमच्या मंडळाने आजवर जुळवून पाहिलेल्या जोड्या, ज्या जुळल्या नाहीत त्यांसह, मी आपल्याकडे पाठवून देईन.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक वाचक